तलाव काय म्हणते?

कार्तिक लागला की केवळराम जाळं धुऊन, वाळवून खुंटीला अडकवायचा. महिनाभर मासोळीचं नाव नाही. पहाटे डोंगा पाण्यात लोटायचा, तलावातले शिंगाडे तोडायचे आणि सांजेला महादेवाच्या पायरीवर टाळ घेऊन बसायचं. कोणी टोमणा मारायच्या आधी तोच म्हणायचा, "आमच्या घरचा कार्तिक म्हंजे मांजरीची एकादस आहे बापा! पर देव मांजरीची बी मोजून घेते."

चिचटोला म्हणजे पहाडीच्या कमरेला बिलगलेली चाळीस घरांची वस्ती. घरांखाली तलाव, तलावाच्या मातीच्या पाळीखाली पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत गेलेल्या धानाच्या बांध्या, भातखाचरं. आणि घरांच्या वर, पहाडीच्या माथ्यावर, एक म्हातारी आवळी. तिच्याजवळ टिनाच्या छपराखाली महादेवाची पिंड. वर्षातला एक दिवस अख्खा टोला चुली विझवून त्या आवळीखाली जेवायला जातो. पळसाच्या पानात भाजलेले पानगे, वांग्याची झणझणीत भाजी, आवळ्याची चटणी आणि केवळरामाच्या घरचे उकडलेले शिंगाडे. जेवणाआधी कीर्तन. पोटाच्या आधी कान भरायचे, ही त्या माथ्यावरची शिस्त.

दिवस मात्र कॅलेंडर बघून ठरत नाही. त्या सुमाराला हलका धान कापलेला असतो आणि त्याच्या कडपा, म्हणजे कापून टाकलेल्या मुठी, तीन-चार दिवस बांधीत उन्हाला पसरलेल्या असतात. त्यावर पाणी पडलं तर लोंबीलाच कोंब फुटतात. वर्षाची मेहनत मग कोंबड्याही चोचीत घेत नाहीत. म्हणून टोल्याची जुनी रीत. ज्या दिवशी जायचं त्या पहाटे टोल्यातला वडीलधारा पाळीवर उभा राहून हाक देतो, "तलाव काय म्हणते?" आणि डोंग्यातला माणूस तिथूनच सांगतो. 'खुल्लं आहे' म्हटलं की सगळे पहाडी चढतात. 'भरून आहे' म्हटलं की विळे-दोर घेऊन बांधीत उतरतात आणि कडपा गोळा करून त्यांची पुंजणी, उंच ढीग, रचतात. केवळरामाच्या बापाने तीस वर्षं सांगितलं. केवळरामाला सांगताना हे एकोणिसावं वर्ष. एकदाही बोल खाली पडला नव्हता.

यंदा हाक द्यायला तुलाराम उभा होता. साठीचा, उंच, बोलायला कडक. मागे त्याचा मुलगा प्रविण मोबाईल घेऊन.

"बाबा, यात तं चाळीस टक्के पाऊस दाखवून राहिला."

"चाळीस टक्के म्हंजे काय गा? चाळीस घरावर पडते का?" तुलाराम म्हणाला. "गुमान राह्य. केवळभाऊ! तलाव काय म्हणते?"

केवळराम डोंग्यात उकिडवा बसला होता. शिंगाड्याच्या वेलीत हात. आणि नजर पाण्यातल्या एका खुंटावर.

कार्तिकातल्या थंडीत गोगलगाई खाली गाळात बसून असतात. आज त्या खुंटावर चढल्या होत्या. एक नाही, दोन नाही. वीतभर वर, ओळीने, अंगाला अंग लावून. पाणी कोमट लागत होतं. तळाच्या गाळाचा वास वर आला होता. वारा पूर्वेचा होता. बाप सांगून गेला होता, कार्तिकात गोगलगाय खुंटावर दिसली की ती सांज कोरडी जात नाही.

म्हणजे सांगायला हवं होतं, 'भरून आहे.' दोन शब्द.

पण काठाच्या वर त्याच्या अंगणात कंदील दिसत होता. कंदिलाच्या उजेडात त्याची बायको सखाबाई खाटेवर बसली होती, हिरवं लुगडं नेसून, केसांना तेल लावून. मागच्या वर्षीच्या पोळ्याला ती तलावाच्या ओल्या पायऱ्यांवरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. चौदा महिने झाले. या चौदा महिन्यांत तिने अंगण ओलांडलं ते फक्त दवाखान्यासाठी. मागच्या वर्षीचं कीर्तन हुकलं तेव्हा ती रडली नाही. आल्या-गेल्याला विचारत राहिली, "आख्यान कोणतं लावलं वो? कुठं हसवलं? कुठं रडवलं?" सांगणारे सांगायचे, "चांगलं झालं काकू." चांगलं झालं! कीर्तनाच्या भुकेल्या माणसाला 'चांगलं झालं' म्हणजे उपाशी माणसाला रिकामं ताट.

यंदा डॉक्टरने बसायला परवानगी दिली. पोरगा भूपेश पुण्याहून चार दिवसांची सुट्टी काढून आला. त्याने न् टोल्यातल्या पोट्ट्यांनी खाटेला बांबू बांधून डोली केली. कीर्तनाला पवनीकडच्या दामिनीताई येणार होत्या. त्यांची हीच एक तारीख मोकळी, उद्या त्या दुसऱ्या गावी. आज राहिलं तर यंदाचं राहिलंच.

"केवळभाऊ! कान फुटले का गा?"

"खुल्लं आहे," केवळराम म्हणाला.

आवाज नेहमीसारखाच निघाला. त्याचंच त्याला नवल वाटलं.

डोंगा काठाला आणेपर्यंत त्याने मनाशी पुष्कळ काही रचलं. आजकाल हवामान बदललं आहे. गोगलगाईंना तरी काय कळतं? आणि पडलं तरी रात्री पडेल. दुपारी चारला खाली येऊ, तेव्हा 'आता भरून आलं' म्हणून सांगू, सगळे मिळून पुंजणी रचू. मन वकिली करायला बसलं की त्याच्याकडे पुराव्याची कमी नसते.

पहाडी चढताना जो आनंद झाला तो मात्र खोटा नव्हता. पुढे बाबुलाल मृदंग गळ्यात घालून, त्याच्या पाठीवर बॅटरीचा भोंगा बांधलेला. मागे डोली. दर वळणावर सखाबाई म्हणायची, "थांबवा जरा गा पोट्टे हो," आणि पोरांना वाटायचं, कंबर दुखली असेल. तिला बघायचं असायचं. धुकं उतरून तलाव पितळेच्या परातीसारखा उघडा पडला होता. बांध्यांतून पिवळ्या कडपा अशा पसरलेल्या, जसं कोणी पहाडीच्या पायाशी पाटी-पाटी हळद वाळत घातली आहे.

"देवा रे," ती म्हणाली, "दोन डोळे दिले ते पुरून नाही राहिले."

"काकू, तुमचं वजन बी कमी नाही झालं दवाखान्यात," बांबू खांद्यावर घेतलेला प्रविण धापा टाकत बोलला.

"लेका, कीर्तनाच्या आधी पोटभर चहा पेलो, त्याचं वजन आहे ते!"

सगळे हसले. केवळरामही हसला. आणि हसता हसता त्याची नजर त्या हळदीवर गेली की हसू तिथेच थिजायचं.

दामिनीताई पस्तिशीच्या आत-बाहेर. सावळ्या, ठसठशीत, पदर खोचलेला. उभ्या राहिल्या आणि पहिलाच सूर लावला तसा आवळीवरचा पोपटांचा थवा उडाला. बाबुलालने मृदंगावर थाप दिली. केवळराम टाळ घेऊन उजव्या हाताला, नेहमीच्या जागी. समोर, आवळीच्या खोडाला टेकवलेल्या खाटेवर सखाबाई. पहिल्याच गजराला तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. पुसायलाही तिने हात उचलला नाही. हात टाळी वाजवण्यात गुंतले होते.

"मायबाप हो," ताई निरूपणात उतरल्या, "देवाने डोळ्याला पापणी दिली. नको ते पाहू नये म्हणून. तोंडाला ओठ दिले. नको ते बोलू नये म्हणून. मग कानाला झाकण का नाही दिलं? विसरला का देव?"

"नाही विसरत तो!" तुलाराम मोठ्याने म्हणाला.

"नाही विसरत. त्याला ठाऊक होतं, हा माणूस डोळे मिटेल, तोंड मिटेल, पण आतून एक आवाज येतो तो याला बंद करता येऊ नये. रात्री येतो, दिवसा येतो, जेवताना येतो..."

कीर्तनात टाळकऱ्याचं चुकत नाही. हात आपोआप चालतात. केवळरामाचे चुकले. एक ठोका पुढे पडला. सखाबाईने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं.

त्याच वेळी वारा थांबला. आवळीचं पान हलेना. पूर्वेकडे, लांबच्या जंगलावर, एक निळसर काळी रेघ उठली होती. मंडळीची पाठ तिकडे होती, ताईंचे डोळे मंडळीवर, बाबुलालचे मृदंगावर. रेघ दिसली फक्त केवळरामाला. टोल्याला ती दिसायला अजून तास लागला असता, आणि तासाने उपयोग राहिला नसता.

कीर्तनातून मधेच उठणाऱ्या पोरांचे कान याच केवळरामाने उपटले होते. 'कीर्तनातून उठणं म्हंजे भरल्या ताटावरून उठणं,' असं सांगून. त्याने टाळ चटईवर ठेवले. आणि उठला.

"ताई, थांबा. माफ करा. थांबा."

मृदंग थांबला. ताईंचा हात वरच राहिला.

"मी सकाळी खोटं बोललो," केवळराम म्हणाला. "तलाव भरून आहे म्हणत होता. गोगलगाई खुंटावर होत्या. मले दिसल्या. मी खुल्लं सांगितलं."

तुलाराम सावकाश उभा राहिला.

"काहून?"

केवळरामाने हात जोडले.

"काहून बे केवळ्या? एकोणीस वर्षं तुह्या तोंडाकडे पाहून धान बांधीत ठेवतो आमी! मोबाईल बाजूले ठेवून तुले विचारतो! काहून?"

केवळरामाची नजर खाटेकडे गेली, आणि सगळ्यांच्या नजरा तिच्यामागे गेल्या. सखाबाईला उत्तर मिळालं. तिच्या चेहऱ्यावरचा गजर एकदम उतरला.

पण ती त्या टोल्यातली बाई होती. कधी रडायचं आणि कधी पळायचं, हे तिला माहीत होतं.

"अरे, पाहून काय राहिले मह्या तोंडाकडं?" ती ओरडली. "त्याईले शिव्या उद्या देजा! धान उद्या नाही थांबत. पळा खाली! विळे कायले शोधता, दोर घ्या!"

आणि सगळे पळाले. पानगे निखाऱ्यावर तसेच राहिले. बाया लुगड्याचे ओचे खोचून, म्हातारे काठ्या टेकत, बाबुलाल गळ्यातला मृदंग पिंडीजवळ ठेवून. डोलीचे चार गडी तिच्याजवळ घुटमळले.

"तुमी बी जा," ती म्हणाली. "मले न्यायला चार लागतात. चार जण म्हंजे एक पुंजणं."

"पर माय, तू एकली?" भूपेश म्हणाला.

"मी आहे ना," दामिनीताई म्हणाल्या. "आणि कीर्तन व्हायचं आहे अजून. उभी राहिले ती आरती केल्याशिवाय बसत नाही मी. ऐकायला एक कान असला तरी पुरे."

केवळराम तिच्यासमोर येऊन उभा राहिला. तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. "जा," एवढंच म्हणाली.

खाली बांध्यांत एकच धांदल. कडपा गोळा करायच्या, भारे बांधायचे, डोक्यावर घेऊन उंच जागी आणायचे. तिथे तुलाराम आणि दोन जाणते गडी पुंजणी रचत होते. लोंब्या आत, बुडखे बाहेर, म्हणजे वरचं पाणी वरच्या वर निथळतं. केवळरामाची स्वतःची एक बांधीसुद्धा नव्हती. आयुष्य पाण्यावर गेलेलं. तो भारे वाहत होता. भारा टाकायला आला की तुलाराम त्याच्याकडे न बघता म्हणायचा, "नीट ठेव. जाळं नाही फेकायचं, भारा आहे." दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. केवळराम ऐकून घ्यायचा आणि पुन्हा धावायचा. त्याला ती शिवी गोड लागत होती, कारण न बोलण्यापेक्षा ती बरी होती.

आभाळ आता सगळ्यांना दिसत होतं. अर्ध्या बांध्या अजून पसरलेल्या होत्या, आणि माणसं थकली होती. सकाळी पहाडी चढलेले, पोटात अन्न नाही. कोणीतरी म्हणालं, "नाही होत गा आता. जेवढं झालं तेवढं देवाचं."

आणि त्याच वेळी पहाडीवरून आवाज आला.

आधी खरखर. मग दामिनीताईंचा सूर, मोठा, स्पष्ट, जणू बांधावर उभ्या राहून गातात. ढगाळ हवेत आवाज लांब जातो, हे केवळरामाला तलावावर कळलेलं होतं. पण आवळीच्या फांदीला बांधलेल्या भोंग्याचं तोंड तर सकाळी मंडळीकडे होतं. ते खाली कोणी फिरवलं?

"देवाने कानाला झाकण नाही दिलं, मायबाप!" पहाडी बोलत होती. "म्हणून खाली ऐकू जातं आहे. हात थांबवू नका. हात धानात, कान नामात!"

बाबुलालने भारा डोक्यावर घेतला आणि तिथूनच ओरडला, "बोला, पुंडलिक वरदे..." अन् अख्ख्या शिवाराने उत्तर दिलं.

त्यानंतर काय झालं ते टोल्यातले लोक अजून सांगतात, आणि प्रत्येकाच्या सांगण्यात एक-दोन पुंजणी वाढलेली असतात. पण हात चालले ते खरं. गजराच्या ठेक्यावर भारे उचलले, ठेक्यावर टाकले. आणि त्या ठेक्यात केवळरामाला टाळ ऐकू आले. मृदंग नाही, नुसते टाळ. त्याचेच, चटईवर राहिलेले. वाजवणारी दर वेळी केसभर मागे राहत होती. लग्नापासून ती टाळी अशीच वाजवायची, केसभर मागे, जणू आधी ऐकून घेते आणि मग वाजवते. केवळराम डोक्यावर भारा घेऊन बांधावर थांबला. मग तुलारामची हाक येण्याआधी निघाला.

पाणी आलं तेव्हा वर आरती चालू होती. पहिला थेंब पडला, मग सरळ धार. पुंजण्यांवर ताडपत्र्या पडल्या. राहिल्या फक्त दोन बांध्या, तलावाच्या सांडव्याचं पाणी उतरतं तिथल्या. रंभाबाईच्या. एकटी बाई, तिचा धान सगळ्यात खाली, म्हणून शेवटी राहिलेला. तिथे पोचेपर्यंत कडपा भिजून चिखलाला टेकल्या होत्या.

केवळराम त्या चिखलात रंभाबाईसमोर उभा राहिला. "वहिनी," तो म्हणाला, "हे महं पाप."

रंभाबाईने डोक्यावरचं पोतं सारखं केलं. "मंग उचला ना भाऊ," ती म्हणाली. "पाळीवर पसरवू. उघडलं की उलटवू. नुसतं उभं राहून 'महं, महं' म्हटल्यानं का वाळते?"

दोघांनी भिजल्या कडपा पाळीच्या उतारावर ओढल्या. मग केवळराम पहाडी चढला. पोरांना त्याने मागून यायला सांगितलं.

वर टिनाच्या छपराखाली दामिनीताई आणि सखाबाई शिंगाडे सोलून खात होत्या. दोघींची बोटं काळी झालेली. टिनावर पाऊस तडतडत होता. ताईंचा पदर एका बाजूने फाटला होता.

"तुमच्या बायकोने झाडावर चढवलं मला," ताई हसत म्हणाल्या. "भोंगा फांदीला बांधलेला. म्हणे, 'ताई, मी एकलीच ऐकीन तं मले पचन नाही. तोंड खाली फिरवा त्याचं.' तीस गावांत कीर्तन केलं मी, पण झाडावर चढून पहिल्यांदा."

केवळराम ओल्या अंगाने पायरीवर बसला.

"अजी," सखाबाई म्हणाली. "मह्यासाठी बोलले ना खोटं?"

"होवो."

"मले कीर्तन पाहिजे होतं. चोरीचं नोको होतं."

"होवो."

"मंग मधातच उठले, ते बरं केलं." तिने एक शिंगाडा सोलला, पांढरा गर त्याच्या हातावर ठेवला. "चौदा महिने मी देवाले म्हणत होतो, एक दिवस ऐकू दे. त्यानं असं ऐकवलं, मी टाळकरी, अन् सारं शिवार मह्यासमोर. आता काय मागू?" थोडं थांबून म्हणाली, "रंभाबाईचं भिजलं का?"

"दोन बांध्या."

"मंग वाळवा." आणि टाळ त्याच्याकडे सरकवता सरकवता तिने ते परत मागे घेतले. "हे राहू द्या मह्याजवळ."

चार दिवस केवळराम पाळीवर होता. रंभाबाईच्या कडपा सकाळी पसरायच्या, दुपारी उलटवायच्या, सांजेला झाकायच्या. काही लोंब्यांना कोंब फुटलेच. ते त्याने वेचून वेगळे केले, आणि तेवढ्याची भरपाई म्हणून तिच्या घरी कार्तिक सरला की उन्हाळ्यापर्यंत दर बाजाराला मासोळी जाईल, असं आपणहून ठरवलं. रंभाबाई नको म्हणाली नाही. फक्त म्हणाली, "मोठी देजा. बारकीत काटेच लय."

पाचव्या पहाटे धुकं होतं. केवळराम डोंग्यात. पाळीवर कोणाची तरी सावली येऊन उभी राहिली. उंच. खाकरली.

केवळरामाचे हात वेलीत थांबले. तुलाराम चार दिवस त्याच्याशी बोलला नव्हता.

"मळणी काढायची आहे," सावली म्हणाली. "मशीन सांगितली उद्या." मग पुन्हा खाकरणं, आणि मग, टोल्याने पिढ्यानपिढ्या दिली तशी, मोठ्याने हाक. "केवळभाऊ! तलाव काय म्हणते?"

केवळरामाने खुंटाकडे पाहिलं. खुंट कोरडा, स्वच्छ. पाणी बोटाला बर्फासारखं. त्याचे डोळे भरून आले, आणि उत्तर द्यायला क्षणभर उशीर झाला.

तेवढ्यात काठाच्या वरच्या अंगणातून, खाटेवरून, टाळांचा एक ठोका आला. ठण्ण.

"खरं सांगजा हो!" सखाबाईचा आवाज आला.

धुक्यात तुलाराम आधी हसला, मग केवळराम. असे हसले की काठावरचे बगळे उडाले.

"खुल्लं आहे!" केवळराम ओरडला. "पर विश्वास ठेवू नोको गा. ये, बस डोंग्यात. आपल्या डोळ्यानं पाह्य."

तुलारामने चपला पाळीवर काढून ठेवल्या, धोतर वर खोचलं आणि डोलत डोलत डोंग्यात पाय टाकला.